वड्याचं तेल वांग्यावर

आमच्या घरात वांग्याविरुद्धची पहिली लेखी तक्रार मोबाइलवर आली, पीडीएफच्या रूपात.

तिचं मूळ माझ्या शिंकांमध्ये. सकाळी उठल्याबरोबर ओळीनं दहा-अकरा शिंका हा माझा कित्येक वर्षांचा नेम आहे. मुंबईतल्या मरोळमध्ये शिंकांचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. मेट्रोचं खोदकाम आटपतंय तोवर इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला. खिडकीच्या कठड्यावर बोटानं श्रीगणेशा गिरवता येईल एवढी धूळ रोज जमते. तरी कुणीतरी म्हणालं, रक्त तपासून घ्या, सध्या पॅकेजवर सवलत आहे. सवलत म्हटल्यावर मी डॉक्टरांना विचारायला थांबलो नाही.

अहवालात खाद्यपदार्थांची लांबलचक यादी होती आणि काहींच्या पुढे लाल खुणा. वांगं, हरभरा, शेंगदाणा, तीळ, कोळंबी. सगळ्यात शेवटी, जरा जास्तच लाल, घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे.

बायकोनं यादी वाचली आणि चष्मा काढून ओट्यावर ठेवला. "अहो, मग तुम्हाला खायला घालू तरी काय?"

प्रश्न रास्त होता. पिठलं गेलं. साबुदाण्याची खिचडी गेली, कारण दाण्याच्या कुटाशिवाय ती खिचडी नव्हेच. संक्रांत गेली. भरली वांगी तर एकाच वेळी तीन कलमांखाली आत गेली. शेजारच्या गावठाणातल्या ईस्ट इंडियन आंटी उन्हाळ्यात बॉटल मसाल्याची एक बाटली हमखास पाठवतात. त्यात मिरच्यांबरोबर गहू, हरभरा, तीळ, मोहरी, खसखस असं सगळं भाजून कुटलेलं असतं. म्हणजे ती बाटली नव्हे, आरोपींची अख्खी टोळीच.

आई तेवढी शांत होती. "वांगं मला बाधतं," ती म्हणाली. "खाल्लं की घसा खवखवतो. पन्नास वर्षं खवखवतोय."

"मग खातेस कशाला?"

"बाधतं म्हणाले. वावडं आहे असं कुठे म्हणाले?"

हा फरक मी विसरूनच गेलो होतो. आमच्या आधीच्या पिढीकडे या एका विषयाला केवढे शब्द होते! दूध मानवत नाही, तूरडाळ सोसत नाही, हरभरा पचत नाही, वांगं बाधतं, आणि या सगळ्याच्या टोकाला वावडं. मानवत नसलेली गोष्ट पाहुण्यांकडे मुकाट्यानं खायची, बाधणारी आवडत असेल तर खायची आणि वर आमसुलाचं पाणी प्यायचं. अंगावर पित्त उठलं तर तेच पाणी अंगाला चोळायचं. वावडं असलेली मात्र ताटातच येऊ द्यायची नाही. आता या सगळ्यांचा एकच शब्द झालाय, ॲलर्जी. दुधानं पोट फुगतं तीही ॲलर्जी. खरं तर तिथे दुधातली साखर पचवणारं पाचक द्रव्य कमी पडत असतं, रक्तातल्या पहारेकऱ्यांचा त्यात काही संबंध नसतो. भेंडी आवडत नाही तीही ॲलर्जी, आणि साहेबांचा फोन आला की होते तीसुद्धा.

अखेर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अहवाल बाजूला सारला आणि विचारलं, "कोळंबी शेवटची कधी खाल्लीत?"

"रविवारी."

"मग काय झालं?"

"झोप लागली."

"तिला ॲलर्जी म्हणत नाहीत," ते म्हणाले.

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या सोयीनं पोलीस ठाण्याच्या भाषेत लावून घेतलं. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं सापडणं म्हणजे नुसती एनसी, अदखलपात्र नोंद. नाव नोंदलं गेलं, वहीत शाई वाळली, पुढे काही नाही. पदार्थ पोटात गेल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकला, तर तो दखलपात्र गुन्हा. एनसी पुष्कळांच्या नावावर असतात. त्यातून अटक क्वचितच होते.

किती पुष्कळांच्या, याची मोजदाद शेजारच्या कर्नाटकात झाली आहे. बंगळूर-म्हैसूरकडे 20 ते 54 वयाच्या 11,791 जणांना आधी प्रश्न विचारले, मग त्यांतल्या काहींचं रक्त 24 पदार्थांसाठी तपासलं. 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले. सर्वसाधारण प्रौढांपैकी 26.5 टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध नोंद सापडली. बहुतेक पाश्चात्त्य देशांपेक्षाही हा आकडा जास्त. आणि ज्यांना खरोखर ॲलर्जी असावी असे किती? 1.2 टक्के. त्यांतही वरच्या नंबरावर दूध आणि सफरचंद. म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना जे न्यायचं तेच.

हे म्हैसूरचं माप मी आमच्या सोसायटीला लावून पाहिलं. दोनशे प्रौढ धरले तर 53 जणांच्या रक्तात एनसी, आणि खरा खटला दोघातिघांचा. उरलेले पन्नास जण मजेत जेवताहेत, कारण त्यांना सवलत मिळालेली नाही.

वांग्याचा तर म्हैसूरकरांनी स्वतंत्र अभ्यास केला, याचा मला परमानंद झाला. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत 741 जण होते. 9.2 टक्क्यांच्या त्वचेवरच्या चाचणीत वांग्यानं आपली खूण उमटवली, पण खरी ॲलर्जी एका टक्क्याच्याही आत, 0.8. त्यातही बायका जास्त. शिवाय वांग्यात मुळातच हिस्टामिन असतं, त्यामुळे रक्तात काही नसतानाही एखाद्याचा घसा खवखवू शकतो. आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी सातशे माणसं?"

कोळंबीची गोष्ट याहून सुरस आहे. कोळंबीतला मुख्य गुन्हेगार ट्रोपोमायोसिन नावाचं स्नायूंमधलं प्रथिन. 1993 मध्ये तो ओळखणाऱ्या संशोधकांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतली मंडळी होती. आता हेच प्रथिन, थोड्याफार फरकानं, झुरळातही असतं आणि गादीतल्या धूळकिड्यातही. तिघंही सांधेपायांच्या एकाच कुळातले, चुलतभाऊच. मुंबईच्या दमट हवेत आपण रात्रभर त्या किड्यांच्या सहवासात झोपतो, शरीर त्यांच्यावर चिडतं आणि तपासणीत नाव येतं बिचाऱ्या कोळंबीचं. वड्याचं तेल वांग्यावर काढण्याची रीत आपण शरीराकडूनच शिकलो असणार.

उसनं वैरही घेता येतं. 1921 साली ब्रेस्लाऊ शहरात हाइन्झ क्यूस्टनर या डॉक्टरांना मासे खाल्ले की अंगावर उठायचं. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना माशांचा काडीचा त्रास नव्हता. प्राउस्निट्झ यांनी क्यूस्टनरच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तिथे टम्म गांधी उठली. रक्तातली ती अदृश्य तक्रार कुठली, याचं नाव सापडायला 1960 चं दशक उजाडलं. तेच आयजीई. दुसऱ्याचं भांडण अंगावर घेणारी माणसं आमच्या सोसायटीतही आहेत, पण विज्ञानाचा त्यातून अजून काही फायदा झालेला नाही.

हे सगळं हसण्यावारी नेताना मला समोरच्या विंगमधली एक लहान मुलगी आठवते. तिला काजूचं खरंच वावडं आहे. एकदा वाढदिवसाच्या बर्फीच्या तुकड्यानं तिचा घसा आवळत गेला आणि रात्र रुग्णालयात काढावी लागली. तेव्हापासून तिच्या आईच्या पर्समध्ये ॲड्रेनलिन असतं आणि प्रत्येक पुड्याची मागची बाजू ती भिंगातून पाहावी तशी वाचते. दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन वगैरे असेल तर पाकिटावर तसं लिहिणं आता नियमानं बंधनकारक आहे. पण गणपतीच्या प्रसादाला पाकीट नसतं. मागच्या वर्षी तिनं मोदकात काय काय आहे असं विचारलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आजकाल सगळ्यांनाच ॲलर्जी असते." ते कुणीतरी म्हणजे मी नव्हतो. पण मी हसलो होतो.

डॉक्टरांनी मला औषधापेक्षा कामच जास्त दिलं. चादरी-अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धुवायचे, गादीला खोळ घालायची, आणि जे आजवर सुखानं खात आलो ते खात राहायचं. बायकोनं छापून फ्रिजवर लावलेली यादी काढली. तिच्या पाठकोऱ्या बाजूवर आता वाण्याचं सामान लिहिलेलं आहे. त्यात शेंगदाणे दोन किलो.

रविवारी मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात गेलो. बोंबील, जवळा, वाकट्या, सगळा वास अंगावर घेत सुकट मागितली. माप भरता भरता मावशींनी विचारलं, "वांग्यात घालणार ना?" मी होय म्हणालो.

दुपारी वांगं-सुकट झालं. यादीतले दोन मोठे आरोपी एकाच कढईत. जेवताना आईचा घसा ठरल्याप्रमाणे खवखवला आणि तिनं ठरल्याप्रमाणे आणखी वाढून घेतलं. मला काहीच झालं नाही. हात धुतल्यावर मात्र उजवा तळहात खाजायला लागला. बायकोनं घाबरून आमसुलं भिजत घातली.

"राहू दे गं," आई म्हणाली. "पैसे येणार असतील."