सोळा नागरिक आणि मी

अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ नावाचं एक पत्रक काढतं. न्यू जर्सीतल्या बऱ्याच मराठी घरांत ते पंचांगासारखं वाचलं जातं. अमुक तारखेच्या आधी रांगेत लागलेल्यांनी ग्रीन कार्डासाठी पुढे यावं, बाकीच्यांनी पुढच्या महिन्यात बघावं, असा त्यातला मजकूर. आमची तारीख कधी दोन आठवडे पुढे सरकते, कधी जागची हलत नाही, आणि एखाद्या महिन्यात तर वक्री होऊन मागेच जाते. मग मी घरात बोलते. मोठ्याने बोलते. नवरा त्या दिवशी मुकाट्याने दोन्ही वेळची भांडी घासतो.

हे सगळं आमच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांच्या कानावर पडत असणार, एवढं तरी मला समजायला हवं होतं.

चिरंजीव स्काऊट. त्यांचं पथक मंगळवारी संध्याकाळी एका चर्चच्या तळघरात भरतं. मुलांना तंबू ठोकायला न्यायचं तर मोठी माणसं लागतात, आणि जंगलातल्या गोचिडांना मी भिते, म्हणून मी बटाटेवड्यांच्या पलीकडे त्या पथकाला काही दिलेलं नव्हतं. पालकांच्या सभेत स्काऊटमास्टर म्हणाले, “आपल्याला ‘सिटिझनशिप इन द नेशन’ या बॅजसाठी कौन्सेलर हवाय.” ईगल स्काऊट ही सर्वोच्च पायरी गाठायची तर २१ बॅज मिळवावे लागतात आणि हा त्यातला सक्तीचा. तो कुणालाच आवडत नाही. धनुष्यबाण नाही, होडी नाही, शेकोटी नाही, नुसती राज्यघटना. सगळे पालक एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला.

“माझ्या आईला विचारा. ती दर महिन्याला सिटिझनशिपबद्दल तासभर बोलते.”

मी स्काऊटमास्टरांना बाजूला घेऊन सांगितलं की, अहो, मी नागरिक नाहीये. नागरिकत्व राहिलं, अजून ग्रीन कार्डसुद्धा नाहीये. सद्गृहस्थ म्हणाले, “म्हणजे तुम्हाला त्याची खरी किंमत माहितीय!” यावर काय बोलणार?

फॉर्म भरले. मुलांच्या सुरक्षिततेचं ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं. त्यातला मुख्य धडा असा, की कुणीही मोठं माणूस कुठल्याही मुलाबरोबर एकटं असता कामा नये. म्हणून पथकातल्या एका मुलाचे वडील माझ्या जोडीला बसायला लागले. ते फोनवर बेसबॉल बघत बसत. आमचं आडनाव कुणाला झेपेना, तेव्हा मी ‘मिसेस के’ झाले.

पहिल्याच मंगळवारी एक पेच आला. सभा सुरू होताना मुलं झेंड्यासमोर उजवा हात छातीवर ठेवून निष्ठेची शपथ म्हणतात. माझ्या हाताने काय करायचं? छातीवर ठेवला तर खोटेपणा, खिशात घातला तर उद्धटपणा. शेवटी साताऱ्याच्या शाळेने जे शिकवलं होतं ते केलं: सावधान. टाचा जुळलेल्या, मुठी मांड्यांना चिकटलेल्या. तीन आठवड्यांनी बघते तर सगळ्यात लहान दोन मुलंही तशीच उभी. त्यांना वाटलं, कौन्सेलरची पद्धत असेल.

आता पुढचा प्रश्न, शिकवायचं कसं? आमच्या वेळी नागरिकशास्त्र हे इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेलं शेपूट होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री साडेअकराला ते उघडायचं आणि राष्ट्रपतींचे अधिकार वाचता वाचता झोपायचं. या पोरांचं मी तेच केलं असतं, पण ती झोपत नाहीत, एकमेकांना दोरीने बांधतात. तेव्हा ठरवलं, सोळाही जणांना एकदम कामाला लावायचं. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना परिषद भरली होती. गुप्तता राहावी म्हणून दारावर पहारे आणि त्या उकाड्यात खिडक्यासुद्धा बंद. आमच्या तळघराच्या खिडक्या तशाही रंगाने कायमच्या चिकटलेल्या. नेपथ्य तयारच होतं.

पथकात तीन टोळ्या. गरुड टोळीत आठ मुलं, अस्वल टोळीत सहा, आणि रकून टोळीत फक्त दोन, कारण त्यांचे बाकीचे सॉकर खेळायला गेले ते परत आलेच नाहीत. मी सहा पिझ्झे मागवले. प्रत्येकाचे आठ तुकडे, एकूण अठ्ठेचाळीस. टेबलावर ठेवले आणि जाहीर केलं: वाटणी कशी करायची याचा कायदा आधी लिहा, मग खा.

गरुडांचा नायक लगेच उठला. म्हणाला, सरळ आहे, डोईप्रमाणे. प्रत्येकाला तीन. रकूनांपैकी थोरला, चष्मेवाला, शांतपणे म्हणाला, “आपण इथे मुलं म्हणून आलोय की टोळ्या म्हणून? टोळ्या तीन. प्रत्येक टोळीला दोन पिझ्झे.” म्हणजे रकूनांना डोई आठ तुकडे आणि गरुडांना दोन! हलकल्लोळ झाला. मी आनंदाने टेबलावर थाप मारली. कारण त्या परिषदेतलं हेच तर भांडण. व्हर्जिनियासारख्या मोठ्या राज्यांना लोकसंख्येप्रमाणे जागा हव्या होत्या. छोट्यांनी सांगितलं, प्रत्येक राज्याला एक मत, नाहीतर आम्ही निघालो. आणि त्या छोट्यांची योजना मांडणारा विल्यम पॅटरसन कुठला? न्यू जर्सीचा! तिचं नावच न्यू जर्सी प्लॅन.

पिझ्झे गार होत होते. वीस मिनिटांनी अस्वलांनी तोड काढली: तीन पिझ्झे डोईप्रमाणे आणि तीन पिझ्झे टोळीला एक. खऱ्या परिषदेला त्याच तोडीवर यायला जुलै उजाडला होता. तिथून लोकसंख्येप्रमाणे चालणारं प्रतिनिधिगृह आणि राज्यागणिक दोन जागांची सेनेट निघाली. डोईप्रमाणे दीड-दीड तुकडा येत होता, तेव्हा खिशातले सोळा चाकू निघाले आणि अर्धे तुकडे करण्यात आले. रकूनांनी साडेपाच-साडेपाच खाल्ले. धाकटा रकून नंतर बराच वेळ बाकावर आडवा होता.

मग मी सांगितलं, की आज आपल्या न्यू जर्सीत नव्वद लाखांवर माणसं आणि वायोमिंगमध्ये सहा लाखसुद्धा नाहीत, तरी दोघांचे सेनेटर दोन-दोनच. गरुडांच्या नायकाने हिशेब केला आणि त्याचा चेहरा पडला. “म्हणजे, मिसेस के, आपणच मागितलं आणि आपणच फसलो?”

मी हसले, पण घरी येताना गाडीत हसू मावळलं. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डांतही कुठल्याही एका देशाच्या वाट्याला वर्षाला साधारण सात टक्क्यांहून जास्त जाऊ द्यायची नाहीत, असा नियम आहे. देश आइसलँड असो की भारत, पिझ्झा तेवढाच. मी इतकी वर्षं गरुड टोळीत उभी होते आणि मला ते एका रकूनाने समजावलं.

पुढच्या मंगळवारी कुणीतरी विचारलं, तुमच्याकडे आहे का घटना? मी म्हटलं, आहे, आणि ती लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ इथेच, हडसनपलीकडे कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. कलमं किती? सुरुवातीला ३९५. तळघरात शांतता पसरली. यांच्या घटनेची मूळ कलमं सात. आमच्याकडे सात कलमांत सोसायटीचं पार्किंगसुद्धा बसत नाही. घटनादुरुस्त्या मात्र यांच्या २७, आणि त्यातली शेवटची मला अतिशय प्रिय आहे. खासदारांच्या पगाराबद्दलची ही दुरुस्ती १७८९ मध्ये राज्यांकडे मंजुरीला गेली आणि १९९२ मध्ये मंजूर झाली. दोनशे दोन वर्षं! मधे ती जवळजवळ सगळे विसरले होते. १९८२ मध्ये टेक्सासमधल्या एका विद्यार्थ्याने निबंध लिहिला, की ही अजून जिवंत आहे. बाईंनी त्याला ‘सी’ दिला. त्याने चिडून राज्याराज्यांना पत्रं पाठवायचा सपाटा लावला आणि दुरुस्ती मंजूर करवूनच थांबला. विद्यापीठाने त्याचा ‘सी’ बदलून ‘ए’ केला तो २०१७ मध्ये. मुलांना यात चिकाटी दिसली. मला रांग दिसली, आणि फार धीर आला.

सलग पाच दिवस राष्ट्रीय बातम्या बघायच्या, हे बॅजच्या यादीतलं कलम मी लवकर उरकलं. बातम्या हा या पिढीला आजोबांचा आजार वाटतो. एकाने पाचही दिवस निष्ठेने हवामान बघितलं.

त्याच यादीतली ऐतिहासिक जागा म्हणून फिलाडेल्फियाचा इंडिपेन्डन्स हॉल ठरवला. तिकिटं वेळेची, बस वेळेवर, डबे मोजलेले. फक्त स्काऊटचं ब्रीद विसरले: सदा तयार. सुरक्षा तपासणीच्या दारात रांगेतल्या पहिल्या मुलाच्या खिशातून चाकू निघाला. मग दुसऱ्याच्या. पहारेकरी चाकूगणिक माझ्याकडे बघत होता. सोळा चाकू, दोन होकायंत्रं आणि एक चमचा-काटा-सुरी असा जोडसंच. मी पुढे होऊन सांगितलं, “यांची कौन्सेलर मीच. राष्ट्रीय नागरिकत्व शिकवते.” माझा उच्चार ऐकून तो आणखी गंभीर झाला. शेवटी बेसबॉलवाले बाबा सगळी हत्यारं एका वड्यांच्या रिकाम्या डब्यात भरून बसमध्ये जाऊन बसले, आणि एकट्या मोठ्या माणसाने मुलांना घेऊन जायचं नाही या नियमामुळे बसचालकाच्या बायकोला शोधावं लागलं, जी सुदैवाने सहलीला आलेली नर्स आणि पथकाची नोंदलेली स्वयंसेविका निघाली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे संमत झाला त्या खोलीत आम्ही अकरा मिनिटं होतो. परतीच्या वाटेवर काय आवडलं म्हणून विचारलं तर एकमुखाने उत्तर आलं: चीजस्टेक.

शेवटचं काम पत्राचं. आपले दोन सेनेटर आणि एक प्रतिनिधी कोण ते शोधायचं, त्यांपैकी एकाला राष्ट्रीय प्रश्नावर पत्र लिहायचं, आणि उत्तर आलं तर ते कौन्सेलरला दाखवायचं. पत्रं तपासताना लक्षात आलं, की तळघरात मतदार म्हणावेत असे एकटे ते बेसबॉलवाले बाबा. पोरांना वय नाही. मला इथे हक्क नाही, आणि भारतात यादीत नाव ठेवलं तरी बटण दाबायला साताऱ्यालाच जावं लागतं. तरी पत्रं झकास होती. घड्याळ वर्षातून दोनदा मागेपुढे करणं बंद करा. शाळेत जेवायला वेळ वाढवून द्या. चष्मेवाल्या रकूनाने लिहिलं होतं, की सेनेटची पद्धत फार छान आहे, ती बदलू नका.

आमच्या घरात जन्माने अमेरिकन असलेले एकमेव नागरिक म्हणजे चिरंजीव. तेही भांडी न घासणारे. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीची कृपा. त्यांनी मला पत्र वाचू दिलं नाही. पाकीट बंद करून म्हणाले, हा मतदारसंघातला पत्रव्यवहार आहे.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. मंगळवारी, तळघरात, बेसबॉलच्या साक्षीने त्यांनी ते रीतसर माझ्यापुढे ठेवलं. सोबत मूळ पत्राची प्रत. ‘माझी आई आम्हाला हा देश शिकवते. ती अकरा वर्षं रांगेत आहे. ती कडक आहे पण तिला राज्यघटना तुमच्यापेक्षा जास्त येत असेल. कृपया रांग तपासा.’

मी चष्मा पुसला. तळघरात दमट असतं. मग सेनेटरच्या कचेरीचं छापील उत्तर वाचलं. पत्राबद्दल आभार, आम्हाला फार पत्रं येतात, आपलं पत्र नोंदवून घेतलं आहे, क्रमाने उत्तर दिलं जाईल, कृपया धीर धरावा.

“हे उत्तर धरायचं का?” मी विचारलं.

“धर ना,” चिरंजीव म्हणाले. “आई, मला पण तारीख मिळाली.”

मी बॅजच्या निळ्या कार्डावर सही केली. सहीच्या जागेखाली तारखेचा रकाना होता.