चादरीतली कॅमेलिया

दिवाळीच्या सुट्टीत दार्जिलिंगला गेलो होतो. बाकीच्यांनी तिथून चहा आणला, मी चहाची बहीण आणली. हे नाते माझ्या पदरचे नाही. वनस्पतिशास्त्रात चहाचे नावच मुळी ‘कॅमेलिया सायनेन्सिस’. मी आणली ती फुलांची, ‘कॅमेलिया जपोनिका’. तुळतुळीत हिरवी पाने आणि करवंदाएवढ्या पाच कळ्या. रोपवाटिकेतल्या बाबांनी विचारले, “तुमच्याकडे थंडी पडते ना?” गावाची अब्रू राखायची म्हणून मी ठणकावले, “पडते तर! सोलापूरची चादर ऐकली नाही का?”

चादर सोलापूरची, पण थंडी सोलापूरची नाही, हे मी बाबांना सांगितले नाही. आमच्याकडे थंडी जावयासारखी येते. तिची वाट पाहायची, कौतुक करायचे, आणि स्वेटर पेटीतून बाहेर येईतो ती निघालेली असते.

रवींद्रनाथांच्या ‘पुनश्च’ या 1932 च्या संग्रहात ‘कॅमेलिया’ नावाची कविता आहे. तिच्यातले रोपही दार्जिलिंगचेच, आणि त्याला शेवटी फूल येते. मला त्यावरून फार धीर आला. ते रोप सोलापूरला आले नव्हते, एवढाच काय तो फरक.

मग पुस्तके वाचली. या झाडाला आंबट माती लागते; आमची काळी, चुनखडीची. त्याला मऊ पाणी लागते. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते आणि बादलीला पांढरी कडी ठेवून जाते. पाने पिवळी पडू लागली. कुणी म्हणाले, चहाचा चोथा घाला. घातला. सख्ख्या बहिणीचा चोथा तिलाच खाऊ घालताना जरा अपराधी वाटले, पण इलाज नव्हता.

पुस्तकातली एक सूचना मी अक्षरशः पाळली: कुंडी पूर्वेकडे ठेवू नये. थंड देशांत रात्री कळ्या गोठतात, सकाळचे ऊन थेट पडले की एकदम वितळतात आणि पाकळ्या तपकिरी होतात. शेजारच्या काकू वास्तुशास्त्राच्या. त्या म्हणाल्या, “पूर्व सोडून झाड कुठं ठेवतात का?” मी विज्ञानाच्या बाजूने ठाम उभा राहिलो आणि कुंडी पश्चिमेच्या गच्चीत नेली. सोलापुरात डिसेंबरातही दुपारी पारा तिशीला टेकतो. चार दिवसांत पानांच्या कडा पापडासारख्या भाजल्या आणि दोन कळ्या टपटपल्या. गोठण्यापासून वाचवता वाचवता मी झाड भाजून काढले होते. काकू काही बोलल्या नाहीत. फक्त उदबत्ती लावून गेल्या.

मग एका रात्री पारा खरोखरच 11 अंशांवर उतरला. माझा ऊर भरून आला. थंड देशांत अशा वेळी कुंड्या गुंडाळतात, हे वाचलेले होते. मी पेटीतली कोरी, मोरांची नक्षी असलेली चादर काढली आणि झाडाला नीट पांघरली. सकाळी हिने मोर ओळखले. त्यानंतरचा संवाद ललित निबंधात बसणारा नाही.

दोनच दिवसांत आभाळ आले, भुरभुर पाऊस झाला. मेहुणा नान्नजहून शहरात फवारणीचे औषध घ्यायला आला होता. नान्नज म्हणजे सोनाका द्राक्षाचे गाव. नानासाहेब काळ्यांनी ती जात तिथेच काढली. मेहुण्याची तीन एकर बाग, ऑक्टोबर छाटणी झालेली, नेमकी फुलोऱ्यात. रात्रभर जागून त्याचे डोळे लाल झाले होते. गच्चीत चादर पाहून त्याने विचारले, “दाजी, झाडाला ताप आलाय का?”

मी कळीगळ समजावून सांगू लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “आमच्यात बी गळच लागलीय. फुलोऱ्यात पाऊस आला की घड गळतोय, ऱ्हायला तो कुजतोय. वरनं असलं आभाळ, म्हणजे डावण्या रोग ठरलेला. तुमच्या तीन कळ्यांना एक चादर झाली दाजी, माझ्या तीन एकराला कुठनं आणू?”

तो हसत होता. मला हसता आले नाही. ज्या हवेची मी गावभर फुशारकी मारत होतो, तिचा खरा हिशेब त्याच्या वहीत लिहिला जात होता. माझे नुकसान म्हणजे फार तर हौसेचे. त्याचे बँकेच्या हप्त्याचे. आम्ही दोघे चहा प्यालो. दूध-साखर घालून उकळलेली ही एक कॅमेलिया मात्र सोलापूरला कधीच नडली नाही.

संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत उरलेल्या तिन्ही कळ्याही गळाल्या. झाड जिवंत आहे. पूर्वेच्या कोपऱ्यात, काकूंच्या देखरेखीखाली. मोरांची चादर त्या दिवशीच मेहुण्याला दिली. पहाटे औषध मारायला निघाला की तो ती अंगावर घेतो.