आपला पेपर, आपणच परीक्षक

१८ जुलै २०२५, पावसाळी अधिवेशनाचा शेवटचा दिवस. आदल्याच दिवशी विधान भवनाच्या लॉबीत आमदार जितेंद्र आव्हाड आणि गोपीचंद पडळकर यांच्या समर्थकांनी एकमेकांच्या कॉलरला हात घातला होता आणि उभ्या महाराष्ट्राने ते दृश्य रात्रीच्या जेवणासोबत पाहिले होते. विधानसभाध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी सभागृहात गंभीर चेहऱ्याने दोन मुख्य घोषणा केल्या. संसदेच्या धर्तीवर आमदारांसाठी नीतिमूल्य समिती नेमण्याबाबत आठवडाभरात निर्णय घेऊ, ही एक. यापुढे अधिवेशनकाळात अभ्यागतांना विधान भवनात प्रवेश नाही, ही दुसरी. आमदारांच्या नीतीला आठवड्याची सवड मिळाली, जनतेला मात्र दार तिथल्या तिथे बंद झाले.

त्या अधिवेशनाने नीतिमूल्यांसाठी कच्चा माल भरपूर पुरवला होता. ८ जुलैच्या रात्री आकाशवाणी आमदार निवासाच्या उपाहारगृहात बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड बनियन आणि टॉवेल अशा वेशात अवतरले. डाळ विटलेली असल्याची त्यांची तक्रार होती, आणि ती त्यांनी कर्मचाऱ्याच्या तोंडावर ठोशांनी नोंदवली. अन्न व औषध प्रशासन तातडीने धावून आले आणि कंत्राटदाराचा परवाना निलंबित झाला. पोलिसांत आमदारांविरुद्ध नोंद झाली, पण नंतर. सगळ्यात वेगाने कारवाई झाली ती डाळीवर. पुढे विरोधकही टॉवेल-बनियन चढवून विधान भवनाच्या पायऱ्यांवर उभे राहिले, त्यामुळे गणवेशापुरते तरी दोन्ही बाजूंचे एकमत दिसले.

मग आली रमी. विधान परिषदेत बसलेले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर पत्ते लावत असल्याचे दिसणारी चित्रफीत रोहित पवारांनी समाजमाध्यमांवर टाकली. आपण खेळत नव्हतो, आलेला गेम घालवत होतो, असा मंत्र्यांचा खुलासा होता. शेतकरी संघटना राजीनामा मागत राहिल्या. जुलैअखेर सरकारने कठोर पाऊल उचलले आणि त्यांचे कृषी खाते काढून त्यांना क्रीडा व युवक कल्याण खाते दिले. गुणवत्ता पाहून खातेवाटप होत नाही, असे म्हणण्याची आता कोणाची टाप नाही.

अशा सभागृहाने स्वतःची नीती स्वतःच सुधारावी, यावर लोकांचा विश्वास बसत नाही, हे मात्र फार मनाला लावून घेतले जाते. खरे तर सभागृहाला ठरवले की जमते. ऑगस्ट २०१६ मधलेच उदाहरण घ्या. पावसाळी अधिवेशनाचा शेवटचा दिवस, आमदारांच्या वेतनवाढीचे विधेयक. एरवी लक्षवेधीवर तासभर घसे कोरडे करणारे सभागृह त्या दिवशी तपोवनासारखे शांत होते. ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत आहे.’ संपले. ७५ हजारांचा पगार दीड लाखाच्या पुढे गेला आणि माजी आमदारांचे किमान निवृत्तिवेतन ४० हजारांवरून ५० हजार झाले. ना चर्चा, ना सभात्याग, ना राजदंडाची पळवापळवी.

शिस्तीचा प्रश्न आला की मात्र न्यायाची परिमाणे पक्षागणिक बदलतात. जुलै २०२१ मध्ये तालिका अध्यक्षांना शिवीगाळ केल्याच्या आरोपावरून भाजपचे १२ आमदार तब्बल वर्षभरासाठी निलंबित झाले. अधिवेशनापलीकडे निलंबन लांबवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये बजावले आणि बाराही जण परतले. पुढे शिवसेना फुटली. पक्षांतरबंदीचा निवाडा घटनेने अध्यक्षांच्या हाती ठेवला आहे आणि अध्यक्ष हे आपल्या पक्षाचे आमदारही असतातच. न्यायालयाने तारखा घालून दिल्यावर १० जानेवारी २०२४ रोजी निकाल वाचला गेला. पक्ष एका गटाचा ठरला, पण अपात्र दोन्ही गटांतले कोणीच ठरले नाही. पक्ष फुटला, मात्र तो कोणी फोडला नाही!

नार्वेकरांनी संसदेचा दाखला दिला होता, आणि तो दाखला वाईट नाही. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले. १२ तारखेला चित्रण प्रसारित झाले आणि २३ तारखेला ११ खासदार घरी गेले. त्यांतले दोघे आपल्या खानदेशातले, एरंडोल आणि जळगावचे. म्हणजे मनात आणले तर लोकप्रतिनिधी आपल्याच माणसांना अकरा दिवसांत बाहेर काढू शकतात. फक्त कॅमेरा बाहेरच्यांचा लागतो. राज्यसभेत नीतिमूल्य समिती १९९७ पासून होती, लोकसभेत २००० पासून, तरी हे प्रकरण दोघींच्याही नजरेला आधी पडले नाही. आळीमिळी गुपचिळी मोडायला पत्रकार यावे लागले.

बाहेरच्या नजरेची सोय महाराष्ट्राने तशी फार आधी केली होती. १९७१ चा लोकायुक्त कायदा करून प्रत्यक्ष लोकायुक्त नेमण्यात आपण देशात पहिला नंबर पटकावला. पण त्या लोकायुक्तांच्या हाती शिफारशीपलीकडे फारसे काही नव्हते. म्हणून थेट मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत आणणारे नवे विधेयक डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात विधानसभेने मंजूर केले. विरोधकांनी शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यावरून सभात्याग केलेला होता, त्यामुळे चर्चेचा त्रास कोणाला झाला नाही. वर्षभराने विधान परिषदेनेही होकार दिला. ऐतिहासिक, क्रांतिकारी वगैरे विशेषणे वाटून झाली.

अट एवढीच होती की मुख्यमंत्र्यांची चौकशी सुरू करण्यापूर्वी विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती हवी. २८८ चे दोन तृतीयांश म्हणजे १९२. २०२४ च्या निवडणुकीत महाविकास आघाडीला मिळून पन्नासही जागा आल्या नाहीत. तेव्हा उरलेले जवळपास दीडशे हात मुख्यमंत्र्यांच्याच बाकांवरून वर यायला हवेत. एरवी मुख्यमंत्र्यांना पायउतार करायला भरल्या सभागृहात १४५ मते पुरतात. म्हणजे १९२ आमदार विरोधात जमेपर्यंत खुर्चीवर दुसरेच कोणीतरी बसलेले असणार, आणि त्यांच्या चौकशीसाठी पुन्हा १९२ पासून सुरुवात.