किलोमीटर कमी झालेत, साहेब

चहा येईपर्यंत ऐकून घ्या. तुमची गाडी पेट्रोलची असो की डिझेलची, ही तक्रार तुमचीही आहे. आणि विजेवरची असेल, तर तुम्ही माझ्याआधीच या रांगेत उभे आहात. तक्रार ब्रेक ऑइलची आहे.

विजेची गाडी विकताना एक यादी वाचून दाखवतात. हिला इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, क्लच नाही, स्पार्क प्लग नाही. यादी खरी आहे, माझा तिच्यावर आक्षेप नाही. आक्षेप असा की ब्रेक ऑइल आहे, हे त्यात कुणी सांगत नाही. बोनेट उघडलं की ड्रायव्हरच्या समोरच्या बाजूला एक छोटी पिवळट पांढरी टाकी दिसते, झाकणावर डॉट ४ असं लिहिलेलं असतं. पाय पॅडलवर पडला की तिच्या खालच्या मास्टर सिलिंडरमधून हेच ऑइल चारही चाकांपर्यंत जोर पोचवतं. १९२१ साली अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना असे हायड्रॉलिक ब्रेक बसले. शंभर वर्षं उलटली, मोटार विजेवर आली, समोर हातभर पडदा लागला, तरी गाडी थांबवण्याची अखेरची जबाबदारी अजून त्या टाकीवरच आहे.

या ऑइलला एक खोड आहे. ते हवेतलं पाणी ओढतं. ग्लायकॉल ईथरपासून बनलेलं असल्यामुळे हा त्याचा जन्मजात गुण आहे. टाकीच्या झाकणाला श्वास घ्यायला जागा असते तिथून, आणि चाकापाशी रबरी होज असतात त्यांच्या अंगातून, दमट हवा थोडी थोडी आत मुरत राहते. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. कपाटातल्या कपड्यांना वास येतो, तिथे या टाकीची काय कथा. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पॅडल तळाला टेकूनही गाडी पुढे जात राहते. उकळण्याची वेळ आली नाही तरी पाणी आपलं काम करतंच: कॅलिपरचा पिस्टन आतून गंजतो, एबीएसच्या ब्लॉकमधले बारीक व्हॉल्व्ह धरतात. रंग बघून निदान होत नाही. स्वच्छ दिसणारं ऑइलही पाण्याने भरलेलं असू शकतं.

म्हणून माझ्या गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: दोन वर्षांनी किंवा अमुक किलोमीटरनंतर, जे आधी होईल ते. या वाक्याचा पहिला अर्धा भाग कुणी वाचत नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो.

मुदत भरली तशी मी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. ते दुसऱ्या जिल्ह्यात आहे. एमएच-३८ म्हटलं की पलीकडचा माणूस आधी पत्ता विचारतो. आमचा हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ पासून स्वतंत्र आहे, हेही मी त्याला सांगितलं. मग ब्रेक ऑइल बदलायचं आहे म्हणालो. कीबोर्डचा आवाज आला आणि मग, "किलोमीटर कमी झालेत, साहेब. पुढच्या वर्षी बघू." मी म्हणालो, दोन वर्षं झालीत. तो म्हणाला, "हो, पण रनिंग कुठाय?"

माझं भांडण या प्रश्नाशी आहे. पाणी रनिंग बघत नाही. गाडी अंगणात उभी असली तरी पाणी मुरतं, लग्नाला नांदेडला गेली तरी मुरतं. किलोमीटर ही टायरची मोजणी आहे, फार तर पॅडची. या ऑइलची मोजणी कॅलेंडरावर होते, आणि आपल्याकडे सर्व्हिसचा सगळा कारभार ओडोमीटर बघून चालतो. गाडी कमी चालवणारा माणूस जणू ब्रेक लावण्याचा हक्कच कमी कमावतो.

विजेच्या गाडीत हा अन्याय दुप्पट होतो. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच जनरेटर होते, गाडीचा वेग बॅटरीत जमा होतो आणि गाडी आपोआप हळू होते. फार चांगली सोय आहे. पॅड वर्षानुवर्षं टिकतात. पण त्यामुळेच चाकापाशी काय चाललंय याची खबर पायाला लागत नाही. डिस्कवर पावसाने चढलेला गंज घासून निघत नाही, कॅलिपरच्या पिना सरकायचं विसरतात. फोक्सवॅगनने आपल्या आयडी-३ या विजेच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक दिले, कारण न वापरलेला ब्रेक बंद डब्यात जास्त चांगला राहतो. म्हणजे तिकडच्या इंजिनिअरांना हे समजलंय की विजेच्या गाडीचा ब्रेक घासून झिजत नाही, पडून राहून बिघडतो. आमच्या फोनवरच्या माणसापर्यंत ही माहिती यायची आहे.

आणि गरज पडते तेव्हा सगळी एकदम पडते. रात्री घरी चार्ज लावला, सकाळी बॅटरी शंभर टक्के भरली, की आणखी वीज घ्यायला तिच्यात जागाच नसते. मोटर गाडीला धरत नाही, सगळा भार पॅडलवर येतो. अशा सकाळी तुम्ही औंढ्याकडच्या चढउतारावर निघालात आणि समोर हळदीची ट्रॉली आली, तर? वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. ती हळद मोंढ्याला नेणाऱ्या ट्रॉलीला मागचा दिवा अजून मिळालेला नाही. पोती दिसतात तेव्हा अंतर संपलेलं असतं. तिथे बॅटरी, मोटर, पडदा, यांपैकी कुणी मध्ये पडत नाही. पॅडल, नळी आणि त्यातलं ऑइल, एवढेच उरतात. शिवाय बॅटरीमुळे विजेची गाडी तिच्याच पेट्रोलच्या बहिणीपेक्षा जड असते, ते वजनही त्यांनाच थांबवायचं असतं.

गावात मिस्त्री आहेत, आणि हाताचे पक्के आहेत. आमच्या रस्त्यावरचा मिस्त्री जीपचा गिअरबॉक्स सकाळी उतरवून संध्याकाळी चढवतो. त्याने माझं बोनेट उघडलं, आत बघितलं आणि बंद केलं. "नारिंगी वायर दिसली की आपण हात लावत नाही." वायरची भीती योग्यच आहे. नारिंगी रंग म्हणजे उच्च दाबाची वीज, आणि तिच्याशी खेळू नये. पण ती वायर बॅटरीपासून मोटरपर्यंत जाते आणि ब्रेकचं निप्पल चाकामागे कॅलिपरवर असतं. तेच कॅलिपर, तेच निप्पल, तोच पाना. मी त्याला चाकाशी नेऊन दाखवलं. त्याने मान डोलावली, चहा पाजला आणि नाही म्हणाला.

आता एक गोष्ट बघा. आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला, लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथे चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतली हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकतील, आणि प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी बारीक थरथर मोजून तारे एकमेकांवर आदळल्याची बातमी आपल्याला देतील. व्हायलाच पाहिजे, मी स्वतः बघायला जाईन. पण ज्या जिल्ह्यात आठ किलोमीटर नळ्यांतली हवा निघणार, त्या जिल्ह्यात माझ्या ब्रेकच्या नळीतला एक बुडबुडा काढायला माणूस मिळत नाही, ही बाब कुणाच्या तरी निदर्शनास आणून द्यायला हवी होती.

सबब, काम घरी करायचं ठरलं. इथे एक इशारा मनापासून देतो. काही नव्या गाड्यांत पॅडल आणि ब्रेक यांच्यामध्ये विजेचा बूस्टर असतो. दार उघडलं की तो जागा होतो. अशा गाडीला आधी संगणक जोडून सर्व्हिस मोडमध्ये न्यावं लागतं. तुमच्या पुस्तकात तसं असेल तर पाना खाली ठेवा. माझ्या गाडीच्या पुस्तकात जुनीच पद्धत होती, म्हणून मी धजावलो.

ऑइलच्या दुकानात पहिला अडथळा. मी एक लिटर डॉट ४ मागितलं. दुकानदाराने अर्ध्या लिटरचा एक सीलबंद डबा ठेवला आणि दुसरा उघडलेला. "यातलं थोडंच गेलंय. पन्नास रुपये कमी द्या." उघडा डबा फळीवर महिनोन्‌महिने दमट हवा पीत बसलेला, आणि तो मला सवलतीत. ज्या पाण्यापासून सुटका करून घ्यायला मी आलो, तेच पाणी तो मला पन्नास रुपये कमी करून विकत होता.

बाकी सामान इथेच मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही. मेडिकलमधून सलाईनची पारदर्शक नळी, जनावरांच्या औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज, एक रिकामी बाटली, रिंग पाना, आणि गाडी नुसत्या जॅकवर राहू नये म्हणून मिस्त्रीकडून घोडी. घोडी त्याने आनंदाने दिली. सिरिंजने टाकीतलं जुनं ऑइल ओढून घ्यायचं, नवं भरायचं, मग पुस्तकातल्या क्रमाने एकेका चाकाशी बसायचं. निप्पलला नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. दर थोड्या वेळाने टाकी भरत राहायचं, ती रिकामी झाली की हवा आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

पॅडलवर पुतण्या होता. काम असं चालतं: मी "दाब" म्हणतो, तो दाबतो. "धर" म्हटलं की धरून ठेवतो. मी निप्पल ढिलं करतो, नळीतून चहाच्या रंगाचं ऑइल येतं, निप्पल आवळतो, मगच "सोड". निप्पल उघडं असताना पाय उचलला तर हवा उलटी आत जाते. हे मी त्याला नीट समजावलं होतं, त्याला कळलंही होतं.

पण गल्लीला कळवायचं राहिलं होतं. चाक निघालेलं दिसलं की माणूस थांबतो. "काय, पंक्चर का?" पुतण्या संस्कारी आहे, मोठ्या माणसाने विचारलं की तो वळून, नीट बसून उत्तर देतो. नीट बसताना पाय उचलला जातो. "काका, सुटलं," असं तो म्हणतो तोवर नळीत बुडबुडा दिसलेला असतो. पुन्हा दाब, पुन्हा धर. एक गृहस्थ तर सावलीत उभेच राहिले. "इलेक्ट्रिक आहे ना? मग ऑइल कशाला?" मी गाडीखालून त्यांना पाणी मुरण्याची सगळी प्रक्रिया सांगितली. ते म्हणाले, "आमच्या जीपचं वीस वर्षांत नाही बदललं." ती जीप कशी थांबते असं मी विचारलं. गिअरवर थांबते म्हणाले.

जुनं ऑइल कुठे सांडू दिलं नाही, कारण ते रंग खातं. थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवावा लागतो. पॅडल आता घट्ट आहे, नळीत स्वच्छ पिवळसर धार येते.

प्रश्न उरला बाटलीचा. जुनं इंजिन ऑइल नेणारा माणूस येतो, पण हे त्याच्या डब्यात चालत नाही. त्याचा सगळा माल खराब होतो, आणि तो बरोबर सांगतो. भंगारवाला रिकामा डबा घेतो, आतलं घेत नाही. घंटागाडीला ओला आणि सुका असे दोनच कप्पे. नालीत ओतलं तर कयाधू नदीत जाईल, म्हणून ओतणार नाही.

माझी मागणी एवढीच आहे, चहा घ्या, थंड होतोय. जो दुकानदार नवं ऑइल विकतो, त्याने जुनं परत घ्यावं. डबा उघडल्याची तारीख लिहायला डब्यावर एक रकाना छापावा. आणि बोनेटखाली जे स्टिकर चिकटवतात, ज्यावर "पुढील सर्व्हिस" आणि त्यापुढे नुसते किलोमीटर असतात, त्यावर महिना आणि वर्ष लिहावं, गाडी तोवर अंगणाबाहेर निघालेली असो वा नसो.