भावजींचा टिपर

अहो वैनी, जरा गडग्याशी या ना. नको, चहा नको, आत्ताच झाला. वाळवणाची काळजी सोडा, मी इथं उभी आहे तोवर कावळा काही फिरकत नाही.

काल तिन्हीसांजेला धडाड् करून आवाज झाला, तो ऐकलात ना? आमच्या भावजींची पिकअप हो! तीच, बोलेरो, फोर बाय फोरवाली. शिमग्याला घेतली तेव्हा म्हणाले, बागेची घाटी भर पावसातसुद्धा चढेल. चढते, खोटं कशाला बोलू? पण वर नेलेलं शेणखत उतरवायला दोन गडी लागतात, आणि गडी हल्ली मिळतात कुठं? मिळाला तर अकराला येतो नि बाराला जेवायला जातो. म्हणून मग पिकअपचा टिपर करायचा! धाकटी म्हणत होती, ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्यानं आणा. पण घाटीचं ते वळण तुम्हाला ठाऊक आहे, ट्रॉलीचं चाक थेट व्हाळात.

तर चॅसीवर लोखंडी चौकट, मागं बिजागऱ्या आणि हौद्याखाली कैचीसारखा उघडणारा जॅक. पंप बॅटरीवर. बटण दाबलं की तेल जॅकमध्ये शिरतं, हौदा वर. खाली आणायला पंप लागतच नाही, हौद्याच्या वजनानंच तेल टाकीत परत. फक्त इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर बॅटरी बसते. पहिल्या दिवशी बसलीच, अख्खी आळी ढकलायला होती!

हां, तर कालचा आवाज. पॉवर टिलर न्यायची ती छोटी ट्रॉली ओढायला मागं हूक लावून घेतला होता. बंपरला नव्हे, चॅसीलाच, तेवढं वेल्डिंगवाल्याला कळत होतं. पण हौदा वर जातो तेव्हा त्याची मागची कड खाली येते, हे ना त्यानं मोजलं ना भावजींनी. फाळका टेकला हुकावर, जॅक आपला रेटतोय, भावजींचं बोट बटणावर! फाळका पार सुपासारखा वाकला. धाकटी पायरीवर बसून तांदूळ निवडत होती, तिनं मान वरसुद्धा केली नाही. आता हूक खिळीचा करणार म्हणे. ट्रॉली सोडायची, हूक काढायचा, मग ओतायचं.

आणि आमच्या ह्यांचं वेगळंच. 'चला, रेती आणू या ब्रासभर!' ब्रास म्हणजे शंभर घनफूट हो, साडेचार टनांच्या घरात जाते. गाडी सव्वा टनाची, त्यातलं दीडेकशे किलो त्या चौकटीनं नि जॅकनंच खाल्लं. पाव ब्रास भरली तरी पाटे सपाट होतील. मग म्हणे चिरे आणू. एकेक चिरा पंचवीस-तीस किलोचा, आणि टिपरनं कोणी चिरे ओततं का? निम्म्यांचे खापे होतील. शेणखत, पाचोळा, माती, एवढंच त्याचं काम.

वकिली शिकणारी आमची पुतणी आली होती. ती म्हणते, काका, 1988 च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम 52 वाचलंत का? मंजुरीशिवाय गाडीत असा बदल चालत नाही, आरसीवर नोंद लागते. उद्या काही झालं तर विमावाले हात झटकतील. आता कागदांची पिशवी घेऊन आरटीओत खेपा. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला निघालेत!

मला धास्ती आहे ती उताराची. ओलं खत हौद्याच्या पुढच्या अंगाला चिकटून राहतं, सगळं वजन वरच, आणि जमीन जराशी कलती असली तर गाडी आडवी. हौद्याखाली वाकायचं झालं तर धाकटीनं सागाचा ओंडका टेक्याला करून ठेवलाय. टेका लावल्याशिवाय खाली डोकं घातलंत तर जेवण नाही, असं बजावलंय.

म्हणून सपाट जागा शोधत होतो. आहे तशी एकच, ही गडग्यालगतची. मिरगाच्या आत खत पडायला हवं ना! पण हौदा उभा राहिला की त्याची पुढची कड नऊ-दहा फुटांवर जाते, आणि वैनी, तुमच्या फणसाची ही खालची फांदी... अहो, असं बघू नका. फणस तेवढे आधी उतरवून घ्या की. गरे सोलायला मी येते.