अर्ध्या किलोची शिकार, तीन किलोंची बंदूक

अमेरिकेतल्या मिशिगन, मिनेसोटाच्या जंगलांतला रफ्ड ग्राउस हा जेमतेम अर्धा-पाऊण किलोचा पक्षी. त्याच्यासाठीची बंदूक मात्र अडीच-तीन किलोंची, आणि तिची निवड स्थळ पाहण्याइतकी चोखंदळ. पहिला वाद बोअरचा. नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्या एक पौंड भरल्या तर बंदूक बारा बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. बंदूक दिवसभर झाडोऱ्यातून वाहायची, म्हणून जाणकार हलकी वीस बोअर सुचवतात. काडतूस तेच ठेवून बंदूक हलकी केली की धक्का वाढतो, हे जाणकार नव्हे, खांदा सांगतो. पक्षी पायाशी फडफडत उठतो आणि क्षणात झाडाआड जातो. छर्रे लवकर पसरावेत यासाठी नळीचे तोंड फारसे आवळलेले नको, छर्रेही साडेसात नंबरचे, बारीक. दुनळीच्या नळ्या शेजारी-शेजारी असाव्यात की एकावर एक, यावर पिढ्या भांडल्या. पक्ष्याने हा प्रश्न अजून विचारलेला नाही. एवढे सगळे जुळल्यावरही बरेचसे छर्रे ॲस्पेन झाडांच्या खोडांत जातात. ॲस्पेनला कुठलीही बंदूक चालते.