सेक्रेटरींचं घड्याळ आणि काकूंचं वाळवण

अहो, ऐकलंत का? या की जरा अशा कुंपणाजवळ. मोठ्यानं नको, सेक्रेटरींची खिडकी उघडी आहे. मागच्या मीटिंगचा आवाज तुमच्या ओट्यापर्यंत आलाच असेल म्हणा, पण खरी गंमत तर नंतर झाली, गच्चीवर…

थांबा, पहिल्यापासून सांगते. रंगकामातून पैसे उरले, ते तुम्हाला ठाऊकच आहे. ध्वजाच्या खांबापाशी ती कोपऱ्यातली जागा आहे ना, तिथे 'काहीतरी कलात्मक' बसवायचं ठरलं. तर सेक्रेटरी मोबाइल नाचवत उभे. काय दाखवलंन्? ते शिकागोचं बीन! त्यांची सून तिथे असते, मग काय, वर्षातून चार वेळा त्या बीनसमोरचे फोटो येतात. म्हणाले, "हे करणारा अनीश कपूर आपल्या मुंबईत जन्मलेला, 1954चा. आपण पनवेलकरांनी त्याचा आदर्श घ्यायला काय हरकत आहे? छोटं का होईना, चकचकीत स्टीलचं बीन लावू. सेल्फी पॉइंट होईल!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि नेमकी तेव्हाच आमच्या धाकट्या भावजींची लेक, ती हो, जे. जे.ला शिल्पकला शिकते ती, मागून म्हणाली, "काका, त्या बीनला 168 पत्रे लागलेत आणि एक सांधा दिसत नाही. वजन शंभर टनांच्या घरात. आपली खालची पाण्याची टाकी त्याच कोपऱ्यात आहे." झालं! सेक्रेटरींचा चेहरा असा पडला, की पोळी तव्यावरून खाली पडावी. तरी म्हणतात कसे, "मग लहानसा वाटीसारखा आरसा लावू." ती म्हणाली, "खोलगट स्टील आणि मेचं ऊन? समोर लावलेल्या स्कूटरच्या सीटवर पापड भाजून निघेल. सूर्यचूल दुसरी काय असते?"

तर काय सांगत होते… हां, मग तिनं नाव काढलं डाकूचं! घाबरू नका हो, चोर नव्हे, कलाकार आहे. दिल्लीचा. डाकू हे त्याचं टोपणनाव, खरं नाव-तोंड कुणाला दाखवत नाही. आता बघा, आपल्याकडे दोनशे रुपये वर्गणी देणाऱ्याचं नाव संगमरवरावर कोरतात! आमची ही पोर म्हणाली, लोधी कॉलनीत एका भिंतीवर त्यानं 2016मध्ये अक्षरं लावली, पण चिकटवून नव्हे, भिंतीतून बाहेर काढून. नुसती पाहिली तर पत्र्याच्या कडा. ऊन वरून आलं की त्यांची सावली भिंतीवर उतरते आणि शब्द वाचता येतात. ऊन कललं की शब्द लांबतात, वाकडे होतात, आणि ऊन गेलं की भिंत कोरी. रंगाचा डबा नको, विजेचं बिल नको.

आणि तसलंच मी स्वतः पाहिलंय, म्हणून तर ठामपणे बोलतेय. पणजीला जाऊबाईंकडे गेलो होतो ना डिसेंबरात, ते सेरेंडिपिटी फेस्टिव्हल असतं तेव्हा. एका रस्त्यावर वर मांडवासारखी अक्षरं टांगलेली, हाही डाकूच. आमचे हे वर बघत चाललेले, म्हणे, "काही वाचता येत नाही." मी म्हटलं, "अहो, खाली बघा!" रस्त्यावर सावलीचे शब्द, काळाबद्दलचे, इंग्रजीत. आणि सरकत होते हो! मी थांबले तर एक अख्खा शब्द माझ्या पदरावर. झटकायला गेले, तर हातावर आला. जाऊबाई हसल्या. पण खरं सांगू, मी तिथून हललेच नाही. तो शब्द आपणहून उतरून जाईपर्यंत उभी राहिले…

असो. तर मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "हे सगळं परदेशी फॅड." तेव्हा मात्र मी बोलले. म्हटलं, कोल्हापूरला किरणोत्सव होतो तो काय फॅड? 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, पुन्हा 9, 10, 11 नोव्हेंबर. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, आधी अंबाबाईच्या पायांवर, मग वर चढत चढत मुखावर. देऊळ बांधणाऱ्यानं आधी सूर्य पाहिला, मग दगड लावला. आणि जयपूरचं सम्राट यंत्र? ते सवाई जयसिंगांचं. पुरंदरच्या तहातले मिर्झाराजे ना, त्यांचा हा खापरपणतू. सत्तावीस मीटर उंच ते दगडी घड्याळ, सावली सेकंदाला मिलिमीटरभर चालते म्हणे, नुसत्या डोळ्यांना दिसते!

पोरीनं लगेच धागा उचलला. म्हणाली, त्याची तिरपी भिंत 27 अंशांवर आहे कारण जयपूर तिथे आहे, आपल्या पनवेलला 19 अंश लागतील. "म्हणजे तिथलं उचलून इथे लावलं तर चुकीची वेळ दाखवेल, काका. बीन कुठेही चालतं, आपलं सावलीचं घड्याळ फक्त इथेच चालेल." बघा, काय बोलली!

मग रविवारी तिनं त्या ध्वजाच्या खांबाभोवती खडूनं खुणा करायला घेतल्या. एप्रिलचा मधला रविवार, तुम्ही आंबे आणायला गेला होतात. बाराच्या ठोक्याला सेक्रेटरी हजर, मनगट पुढे. "सावली अजून आखडतेय. तुझं घड्याळ मागे आहे." ही म्हणाली, "नाही काका, तुमचं पुढे आहे. तुमच्या मनगटावर प्रयागराजच्या बाजूचा सूर्य आहे, साडेब्याऐंशी रेखांशाचा. तो आपल्याकडे पोचायला अडतीस मिनिटं लागतात." आणि बरोबर बारा अडतीसला सावली सगळ्यांत आखूड! सेक्रेटरी घड्याळ कानाला लावून बघत होते, शप्पथ सांगते. शेवटी पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "अहो, आमच्या लहानपणी मुंबईचा टाइम वेगळाच होता की. 1955पर्यंत चालला." तेव्हा कुठे घड्याळ खाली आलं.

पण अहो, मुख्य राहिलंच. पोरीला हवं होतं ते हे, की बारा महिन्यांत त्या कोपऱ्यात ऊन असतं कधी आणि कधी तो नवा टॉवर गिळतो. सेक्रेटरींकडे नकाशा, पण त्यात टॉवरच नाही! मग कुणाला विचारायचं? तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. ज्यांच्यासाठी गेल्या वर्षी जिन्यात नोटीस लागली होती, 'गच्चीवर वाळवण घालू नये', त्याच! काकूंनी बसल्या जागेवरून सांगितलं. "दिवाळी झाली की टॉवरची सावली अडीचलाच गेटावर येते. चैत्रात पाचपर्यंत ऊन. वैशाखात सकाळी उत्तरेची भिंतसुद्धा तापते, तिथे मिरच्या. कुरडया टाकीच्या अंगाला, पापड दहा ते एक, मग कडक होतात." पोर वही घेऊन पायाशी बसलेली, भराभर लिहितेय. आणि सेक्रेटरी दारात उभे, बोटानं ती नोटीस हळूच सोडवताहेत. एक कोपरा निघाला, दुसरा निघेना…

आता परवाचं सांगते, मग सोडते तुम्हाला, माझाही कुकर व्हायचाय. मेच्या मध्यावर तो शून्य सावलीचा दिवस येतो ना, तो. जुलैच्या शेवटी पुन्हा येतो खरा, पण तेव्हा पावसात सूर्य दिसायची मारामार. पोरीनं अख्ख्या बिल्डिंगला गच्चीवर बोलावलं. मधोमध काकूंच्या साबुदाण्याच्या पापड्या, कडेला कैरीच्या लोणच्याची बरणी. बरणीची सावली आखडत आखडत बुडाशी आली आणि बारा चौतीसला बुडाखाली नाहीशी झाली. सेक्रेटरी लगेच, "मागे तर अडतीस म्हणाली होतीस!" ही म्हणाली, "सूर्य काय लोकल आहे का काका, तोही मागेपुढे होतो. फेब्रुवारीत बारा बावन्नला येतो, नोव्हेंबरात बारा एकवीसलाच."

सगळे पोराटोरांसकट पापड्यांभोवती दाटी करून उभे. मी म्हटलं, काकू आता ओरडणार, ऊन अडवू नका म्हणून. तर त्यांनी एकदा सगळ्यांच्या पायांशी बघितलं, एकदा पापड्यांवर बघितलं, आणि म्हणाल्या, "राहा हो उभे, आज कुणाचीच आड येत नाही."